बॉम्बे हायचा कंजूष दगड

एक रुपयाची जुनी नोट घरात कुठे असेल तर उलटून बघा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभं असलेलं तेलाचं रिग दिसेल. ते 'सागर सम्राट'. जपानच्या मित्सुबिशी कंपनीने बांधलेल्या या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, ७५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात तेल शोधलं. बॉम्बे हायची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा इथेच संपते. तेल लागलं, पेढे वाटले, देश सावरला. आधीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखून धरलं होतं आणि तेलाचा भाव काही महिन्यांत तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला होता. तेव्हा पेढे वाटणं वाजवीच होतं.

पण तेल लागणं वेगळं आणि ते बाहेर निघणं वेगळं. समुद्राच्या तळाखाली जो दगड सापडला तो सरळपणे काही देणारा नव्हता. त्याला ॲसिड पाजून आणि प्रसंगी पाण्याच्या दाबाने फोडून बोलतं करावं लागलं. नोटेवर न छापलेला हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचा एक धागा थेट विलेपार्ल्यात येतो.

पार्ले पश्चिमेला स्वामी विवेकानंद रस्त्याला लागून जुहूचा विमानतळ आहे. १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. सांताक्रूझचा मोठा विमानतळ आला तसा जुहूचा तोरा उतरला आणि नवशिक्या वैमानिकांची छोटी विमानं तेवढी तिथे घिरट्या घालत राहिली. बॉम्बे हायने त्याला पुन्हा काम दिलं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर माणसं पोचवायची तर हेलिकॉप्टर हवं आणि हेलिकॉप्टरला जवळची जागा हवी. १९८५ च्या ऑक्टोबरात तेवढ्यासाठी सरकारने एक महामंडळच काढलं. तेच आजचं 'पवनहंस'. सुरुवातीच्या ताफ्यात फ्रान्सची २१ 'डॉफिन' आणि ब्रिटनची २१ 'वेस्टलँड ३०' हेलिकॉप्टरं होती. डॉफिन टिकली. वेस्टलँड ब्रिटिश मदतीच्या पैशातून गळ्यात पडलेली. अपघात झाल्यावर ती जमिनीवर बसवली आणि शेवटी मातीमोल भावाने परत विकली. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण तो पुन्हा केव्हातरी.

तेव्हापासून पार्लेकरांना सकाळचं हेलिकॉप्टर सवयीचं झालं. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असा ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या माणसांचा फेरा. ड्रिलर, केमिस्ट, भूशास्त्रज्ञ, स्वयंपाकी, वेल्डर असे सगळे बॅगा तोलून, सुरक्षेच्या सूचना ऐकून, लाइफ जॅकेट घालून निघतात. तिकडे गेलेल्यांमधले काही जण नेमकं काय करतात हे शेजाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं. 'रिगवर असतो' एवढ्यावर चौकशी संपते.

तर तो दगड. मुंबईचा दगड म्हटलं की आपल्याला काळा बसाल्ट आठवतो. पार्ल्याच्या शेजारी अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे खांब. हा बसाल्ट समुद्राखालीही पसरलेला आहे, पण त्याच्या वर पुढच्या कोट्यवधी वर्षांत उथळ, उबदार समुद्र होता आणि त्यात सूक्ष्म कवचधारी जीवांचा खच पडत राहिला. त्या कवचांचा चुनखडक झाला. बॉम्बे हायचा मुख्य तेलसाठा ज्या थरात आहे त्याला तिथली माणसं 'एल-थ्री' म्हणतात. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे मायोसीन काळातला हा चुनखडक दीड किलोमीटरच्या आत खोलीवर आहे. वसईच्या समोरच्या समुद्रात १९७६ साली सापडलेलं 'बसीन' क्षेत्र मुख्यतः वायूचं. तिथला चुनखडक त्याहून जुना, इओसीन काळातला.

चुनखडक आणि वाळूचा खडक यांच्या स्वभावात फरक आहे. वाळूच्या खडकात कणाकणांमधली जागा थोडीफार सारखी वाटलेली असते. चुनखडक लहरी. एखाद्या ठिकाणी पावसाच्या पाण्याने प्राचीन काळीच विरघळून भोकं पडलेली, इतकी की ड्रिलिंगसाठी विहिरीत सोडायचा चिखल ओतावा तितका आत गडप व्हावा. त्याच थरात दोनशे मीटरवर तोच खडक घट्ट, जणू सिमेंटचा गिलावा. त्यात वायू भरलेला आहे हे मोजमापात दिसतं, पण भोकं एकमेकांना जोडलेली नाहीत. मग त्या वायूला विहिरीपर्यंत यायला वाटच नाही. त्यातून ड्रिलिंगचा चिखल विहिरीच्या भिंतीत घुसून होत्या त्या वाटाही बुजवतो. अशा खडकाला तेलवाले 'टाइट' म्हणतात. मी त्याला कंजूष म्हणतो.

पण या कंजुषाचं एक मर्म आहे. जुन्या पार्ल्यातल्या घरांत शहाबादी फरशी असायची, काही घरांत अजून आहे. मोरी साफ करायचं ॲसिड त्या फरशीवर सांडलं की ती फसफसते, पांढरा फेस येतो आणि तिथला गुळगुळीतपणा कायमचा जातो. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडकच. हायड्रोक्लोरिक ॲसिडने त्यातला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि उरतं ते पाण्यात विरघळणारं मीठ. भूशास्त्रज्ञ खडक ओळखायला खिशात सौम्य ॲसिडची बाटली बाळगतात ती याच्यासाठी. जे मोरीत नुकसान, तेच विहिरीत वरदान. पंधरा टक्क्यांचं हजार लिटर ॲसिड सुमारे सव्वादोनशे किलो चुनखडक खाऊन टाकतं.

ही युक्ती आपली नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लायमा गावाजवळ स्टँडर्ड ऑइलच्या चुनखडकातल्या विहिरी थकत चालल्या होत्या. तिथे हर्मन फ्राश या जर्मन वंशाच्या रसायनतज्ज्ञाने विहिरीत ॲसिड सोडायची पद्धत काढली आणि १८९६ साली पेटंट घेतलं. तेल वाढलं, पण ॲसिड दगडाइतक्याच आवडीने लोखंडी नळ्याही खात होतं. त्यामुळे पद्धत बासनात गेली. ती तीस-पस्तीस वर्षं तिथेच राहिली.

११ फेब्रुवारी १९३२. जे. आर. डी. जुहूला उतरायच्या आठ महिने आधी. मिशिगनमध्ये प्युअर ऑइल कंपनीच्या एका मेल्यात जमा विहिरीत डाऊ केमिकलच्या माणसांनी पाचशे गॅलन हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं. यावेळी त्यात आर्सेनिकचं एक संयुग मिसळलेलं होतं, जे लोखंडाला ॲसिडपासून वाचवतं. विहीर रोज सोळा पिंपं तेल देऊ लागली. आकडा छोटा आहे, पण शून्यावरून सोळा म्हणजे धंदा उभा राहायला पुरेसं. त्याच वर्षाच्या अखेरीस डाऊने या कामासाठी 'डॉवेल' नावाची कंपनीच काढली. काम करता करता तिथल्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पंपाचा दाब वाढवत नेला की एका टप्प्यावर ॲसिड अचानक सुरसुर आत जायचं. खडक दाबाने फाटत होता. फाटतोय हे कळलं, पण मुद्दाम फाडावा, हे कुणाला सुचायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली.

ते सुचलं स्टॅनोलिंड कंपनीच्या फ्लॉइड फॅरिसला. १९४७ साली, आपल्याकडे सत्तांतराची धामधूम चालू असताना, कॅन्सस राज्यातल्या ह्यूगोटन वायूक्षेत्रात क्लेपर क्रमांक १ या विहिरीवर पहिला प्रयोग झाला. असा दाबाने खडक फोडणं म्हणजे 'फ्रॅकिंग'. आज ते म्हटलं की लोकांना शेल खडक आठवतो, पण पहिली फ्रॅक झाली ती चुनखडकातल्या वायूच्या विहिरीत. साधारण सातशे ते आठशे मीटर खोलीवरचे चुनखडकाचे चार थर, आणि त्यात पंपाने घुसवलेलं पेट्रोल. साधं नव्हे, नापामने दाट केलेलं. युद्धात आगीच्या बॉम्बमध्ये वापरलेलं तेच नापाम. निकाल? जवळजवळ काहीच नाही. विहिरीला आधीच ॲसिड दिलेलं होतं आणि ॲसिडने जे मिळायचं ते मिळून गेलं होतं. नवी फट पाडून त्यात भर पडली नाही.

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. कंपनी थांबली नाही. वाळूच्या खडकांत प्रयोग केले, दाब सोडल्यावर फट मिटू नये म्हणून तिच्यात वाळू घुसवली, आणि मग उत्पादन वाढलं. १७ मार्च १९४९ ला हॅलिबर्टनने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये पैसे घेऊन पहिल्या दोन फ्रॅक केल्या. तेव्हापासून तेलवाल्यांच्या जगात दोन घराणी झाली. वाळूच्या खडकाला दाब आणि वाळू, चुनखडकाला ॲसिड. पुढे चुनखडकवाल्यांनी दोन्ही एकत्र केलं. आधी दाबाने फट पाडायची, मग त्या फटीत ॲसिड सोडायचं. ॲसिड फटीच्या दोन्ही भिंती वेड्यावाकड्या कोरतं. दाब काढला की भिंती एकमेकींवर येतात, पण खाचाखोचा जुळत नाहीत आणि मधून वाट शिल्लक राहते. वाळूची गरजच नाही. याला 'ॲसिड फ्रॅक' म्हणतात.

बॉम्बे हायचं उत्पादन २१ मे १९७६ ला सुरू झालं तेव्हा हे सगळं तंत्र जगात तयार होतं. पण कॅन्ससच्या माळरानावर ट्रक उभे करून जे करता येतं ते समुद्रात करायचं म्हणजे निराळंच काम. सुरुवातीचं तेल टँकरमधून येत होतं. १९७८ मध्ये समुद्राखालून उरणपर्यंत तेलाच्या आणि वायूच्या नळ्या आल्या. त्याआधीचा वायू जाळून टाकावा लागला. उरणला वायूवर चालणारं वीजकेंद्र १९८२ पासून आणि अलिबाग तालुक्यात थळला खतकारखाना १९८५ पासून सुरू झाला. तोवर ओएनजीसीने पनवेलला तेल आणि वायू उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था काढली होती, १९८४ साली. कोणत्या खडकाला कोणतं ॲसिड, किती, कशात मिसळून, हा तिथला अभ्यास. ॲसिड आत गेल्या गेल्या जवळचाच दगड खाऊन संपून जाऊ नये म्हणून ते तेलात फेटतात किंवा जेलीसारखं दाट करतात, म्हणजे त्याची भूक मंदावते आणि ते लांबवर पोचतं. शिवाय ॲसिड नेहमी सोपी वाट धरतं. जिथे आधीच भोकं आहेत तिथेच ते पळतं, आणि ज्या घट्ट थरासाठी ते आणलं तो कोरडा राहतो. मग सोपी वाट तात्पुरती बुजवायला रबराचे गोळे, फेस किंवा नंतर विरघळून जाणारे कण सोडावे लागतात.

समुद्रात हे सगळं एका जहाजातून होतं. ओएनजीसीकडे 'समुद्र निधी' नावाचं जहाज याच कामाचं. ॲसिडच्या टाक्या, पंप, मिसळायची यंत्रं, प्रयोगशाळा, सगळं पोटात. जहाज प्लॅटफॉर्मच्या बाजूला येऊन उभं राहतं आणि जाड लवचीक होसने विहिरीला जोडलं जातं. आधी नुसतं पाणी भरून जोडण्यांची दाब-परीक्षा. गळती नाही याची खात्री झाल्यावर पाणी, मग ॲसिड, मग त्याला पुढे ढकलायला पुन्हा पाणी. ज्याच्यासमोर दाबाचा काटा असतो त्याची नजर हलत नाही. फ्रॅक असेल तर दाब चढत जातो, चढत जातो आणि एका क्षणी धाडकन खाली येतो. खडक फुटला. साधा 'ॲसिड जॉब' असेल तर दाब खडक फुटण्याच्या खालीच ठेवायचा आणि तो हळूहळू उतरताना बघायचा. मग विहीर उलटी वाहू द्यायची. आधी वापरलेलं ॲसिड येतं, गढूळ, खारट. नंतर वायू. वायू जाळायच्या लांब दांड्याच्या टोकाशी आग मोठी झाली की कामगारांना निकाल कळतो. कागदावरचे आकडे दुसऱ्या दिवशी.

बॉम्बे हायवर आणि बसीनवर अशा साध्या ॲसिड जॉबनीच बहुतेक काम झालं. मोठी फ्रॅक हात राखून केली गेली, आणि माझ्या मते ते शहाणपणच होतं. एल-थ्रीमध्ये तेलाच्या वर वायूची टोपी आहे आणि खाली पाणी. बसीनच्या वायूखालीही पाणी आहे. फट किती लांब जाईल याचा अंदाज करता येतो, पण ती वर-खाली कुठे शिरेल याची हमी कुणी देत नाही. फट पाण्यात उतरली की वायूऐवजी पाणीच वर येऊ लागतं, आणि ते बंद करणं फट पाडण्यापेक्षा दसपट कठीण. त्यामुळे इथल्या इंजिनियरांनी दगड फोडण्यापेक्षा दगडातून आडवं जाण्याला पसंती दिली. १९९० नंतर आडव्या विहिरी आल्या, एकाच विहिरीला फांद्या फुटू लागल्या. घट्ट थराच्या आतून शेकडो मीटर आडवं जायचं आणि त्या सगळ्या लांबीवर ॲसिड द्यायचं. २००० नंतरच्या पुनर्विकास योजनांमध्ये हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

बसीनच्या वायूचं एक वेगळंच नशीब. नाव वसईचं, पण वायू वसईला आला नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, विषारी, सडक्या अंड्यांच्या वासाचा आणि लोखंड कुरतडणारा. तो धुऊन काढायला मोठा कारखाना हवा होता, आणि तो सुरतेजवळ हजीऱ्याला झाला. १९८८ मध्ये बसीनचं उत्पादन सुरू झालं ते समुद्राखालच्या नळीने हजीऱ्याला, आणि तिथून हजीरा–बिजयपूर–जगदीशपूर या नळीने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या खतकारखान्यांना. वसईच्या माणसाने यावर हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मुंबईच्या वाट्याला उरणचा वायू राहिला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि हळूहळू उपनगरांच्या स्वयंपाकघरांत सिलिंडरऐवजी नळ आला.

हा वायू स्वस्तात आलेला नाही. जहाज प्लॅटफॉर्मशेजारी आणून उभं करणं, हेच समुद्रातल्या कामातलं सगळ्यात धोक्याचं. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतरच्या दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, 'समुद्र सुरक्षा' या मदत जहाजावरच्या एका स्वयंपाक्याला हाताला जखम झाली. खवळलेल्या हवेत हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला उपचारासाठी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाज जवळ आलं, लाटेने उचललं आणि वायूच्या उभ्या नळीवर आदळलं. वायू सुटला, पेटला आणि तो भला मोठा प्लॅटफॉर्म दोन तासांच्या आत समुद्रात गेला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. जहाजही पुढे बुडालं. जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरांनीही बळी घेतले आहेत. २००३ च्या ऑगस्टमध्ये एक मी-१७२ कोसळलं आणि त्यात सत्तावीस माणसं गेली. १३ जानेवारी २०१८ ला एक डॉफिन पडलं, त्यात सात जण गेले, पाच ओएनजीसीचे अधिकारी. २०२२ च्या जूनमध्ये आणखी एक. पार्ले-अंधेरीच्या इमारतींत या प्रत्येक तारखेला ओळखणारं कुणीतरी असतं.

विहिरी म्हाताऱ्या झाल्या तशी ॲसिडची गरज वाढली. दाब उतरला, पाणी वाढलं, आणि जो घट्ट दगड सुरुवातीला 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला होता त्याच्याकडेच आता वळावं लागतंय. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या 'बीपी' कंपनीला बॉम्बे हायसाठी, म्हणजे आताच्या मुंबई हायसाठी, तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडलं. दहा वर्षांत तेल आणि वायू मिळून उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, आणि एकट्या वायूची वाढ ८९ टक्क्यांपर्यंत जाईल, असा त्या कंपनीचा अंदाज. हा आकडा खरा ठरला तर तो नवीन खजिना सापडल्यामुळे नसेल. पन्नास वर्षं ठाऊक असलेल्या त्याच चुनखडकाकडून आणखी थोडं काढून घेतल्यामुळे असेल. परदेशी कंपनीला श्रेय जाईल याबद्दल मला फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती याची, की तो दगड ज्यांनी आधी ओळखला, कोणता थर ॲसिड पितो आणि कोणता थुंकून टाकतो हे ज्यांनी विहिरीगणिक टिपून ठेवलं, त्यांच्याविषयी मराठीत धड एक पुस्तक नाही. 'सागर सम्राट'वर लेख आहेत, जहाजाच्या पंपावर बसलेल्या माणसावर नाहीत.

ती माणसं आता निवृत्त आहेत. त्यातली बरीच पार्ले, अंधेरी, पनवेल भागात राहतात. तुमच्या सोसायटीत असा एखादा 'रिगवाला' काका असेल तर फोनवरचा रेकॉर्डर चालू करून त्याच्यासमोर बसा. त्याने किती विहिरींना ॲसिड पाजलं, त्यातल्या किती बोलल्या आणि किती गप्प राहिल्या, एवढं विचारा आणि लिहून ठेवा.